टायमरच्या स्मृतीची कुळकथा

मावळ तालुक्याचा आणि विजेचा संबंध मोठा चमत्कारिक आहे. लोणावळा, वळवण आणि शिरवटा या तलावांत सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस अडवून, तो प्रचंड नळांतून घाटाखाली खोपोलीस सोडून, त्या पाण्याच्या बळावर टाटांच्या कंपनीने १९१५ साली वीज उत्पन्न करण्यास आरंभ केला. पुढे १९२२ साली आंदर मावळातील ठोकरवाडीच्या धरणाचे पाणी भिवपुरीस उतरले. परंतु या विजेचा अंमल चालला तो मुंबईच्या गिरण्यांवर, आणि ज्यांच्या शिवारांवरून तिच्या तारा गेल्या त्या मावळी खेड्यांपैकी बहुतेकांना, १९६० साली स्थापन झालेल्या राज्य विद्युत मंडळाचे खांब गावात येईपर्यंत, घासलेटच्या चिमणीवरच रात्री काढाव्या लागल्या. वीज आली तीही कायम नांदण्याची हमी न देता आली. त्यामुळे या मुलखातल्या कारागिराला, शेतकऱ्याला आणि कारखानदाराला वीज कशी चालते यापेक्षा ती गेल्यावर काय काय होते याचे ज्ञान अधिक सूक्ष्म आहे, आणि प्रस्तुत लेखाचा विषय त्या ज्ञानाच्याच एका कोपऱ्यातला आहे.

तळेगाव दाभाड्याकडून नवलाख उंबऱ्याच्या औद्योगिक वसाहतीकडे जाताना इंद्रायणीच्या काठचे आंबी हे गाव लागते. येथे डॉ. डी. वाय. पाटील संस्थेचे शैक्षणिक संकुल आहे, आणि पलीकडे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीत कारखान्यांच्या रांगा आहेत; म्हणजे एकीकडे ज्या विद्येचे पाठ दिले जातात तिचाच दुसरीकडे रोजगार चालतो. या विद्येतले एक उपकरण म्हणजे प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, ज्याला पॅनेलवर काम करणारी मंडळी नुसते ‘पीएलसी’ म्हणतात, आणि त्या पीएलसीच्या पोटात शेकडो टायमर असतात. भट्टी अमुक वेळ तापलेली राहावी, मिश्रण अमुक वेळ ढवळले जावे, पट्टा अमुक सेकंदांनी थांबावा, अशा मुदती हे टायमर मोजीत असतात. मुदतीचा काही भाग सरला, काही उरला, आणि नेमकी त्याच क्षणी लाइट गेली, तर सरलेल्या काळाचा हिशेब कोठे राहतो, आणि लाइट परत आल्यावर टायमरने तो पुढे चालवावा की पाटी कोरी करून पहिल्यापासून आरंभ करावा? प्रश्न दिसतो लहान, पण त्याच्या मागे दीडशेहून अधिक वर्षांची वंशावळ उभी आहे, आणि तिच्यात एकमेकांशी स्वभावाने न जुळणारी तीन घराणी आहेत.

पहिले घराणे रिलेचे. १८३५ च्या सुमारास अमेरिकेत जोसेफ हेन्रीने दूरच्या विद्युत्‌चुंबकाकडून दुसरे मंडल उघडमीट करवून घेण्याचा प्रयोग दाखविला, तारायंत्रवाल्यांनी तो उचलला, आणि पुढच्या शतकात कारखान्यांतील सारी आज्ञाव्यवस्था याच चिमुकल्या चुंबकांच्या पलटणीवर उभी राहिली. रिलेचा स्वभाव एका वाक्यात सांगता येतो: कॉइलमध्ये प्रवाह आहे तोवर तो उचललेला, प्रवाह गेला की स्प्रिंगच्या ओढीने पडलेला. त्याला भूतकाळ असा नाहीच. मात्र मनुष्याने एक युक्ती योजिली. रिले उचलला की त्याच्याच एका संपर्कातून त्याच्या कॉइलला पुरवठा मिळत राहावा अशी तार जोडली, म्हणजे हिरवे बटण क्षणभर दाबून सोडले तरी यंत्र चालू राहते, आणि तांबडे दाबले की ती साखळी तुटून थांबते. आपले फिटर लोक याला ‘होल्डिंग’ म्हणतात. ही रिलेची पहिली स्मृती. आणि तिचे सारे सौंदर्य यात आहे की ती विजेच्या अस्तित्वापुरतीच टिकते. वीज गेली की होल्डिंग सुटते, आणि वीज आली तरी, कोणी मनुष्य येऊन पुन्हा हिरवे बटण दाबीपर्यंत, यंत्र हलत नाही.

हे विस्मरण दोष नव्हते, ती बुद्धिपुरस्सर केलेली तजवीज होती. लेथवर काम करता करता लाइट जाते. कामगार चकमधला तुकडा काढण्यास हात घालतो. आणि अशा वेळी पुरवठा परत आला असता यंत्राने आपला जुना हुकूम आठवून फिरावयास लागावे, याहून भयंकर निष्ठा दुसरी नाही. आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या चोविसाव्या कलमात शक्ती तोडण्याच्या साधनांचा जो बंदोबस्त सांगितला होता, आणि यंत्रांच्या विद्युतसामग्रीविषयीच्या आंतरराष्ट्रीय मानकात पुरवठा परतल्यावर यंत्र आपोआप सुरू होऊ नये असा जो दंडक आहे, त्या दोहोंच्या मुळाशी हीच भीती आहे. ज्याने होल्डिंगची तार प्रथम जोडली त्याचे नाव कोणास ठाऊक नाही. त्याने वाचविलेल्या बोटांची मोजदाद तर अशक्यच.

या तत्त्वाची, आणि त्याच्याशी मनुष्याने मांडलेल्या भांडणाची, सर्वांत परिचित शाळा म्हणजे आपल्याकडची विहिरीवरची मोटार. तिच्या स्टार्टरमध्ये हेच होल्डिंग असते. परंतु शेतीचा तीन फेजचा पुरवठा भारनियमनाच्या काळापासून चक्राकार पद्धतीने, कधी दिवसा तर कधी रात्री, मिळत आला. आणि कोणत्याही शहाण्या मनुष्याला रात्री दोन वाजता विंचवाकाट्यातून केवळ एक हिरवे बटण दाबण्यासाठी विहिरीवर जाणे मान्य होणार नाही. तेव्हा बाजारात ऑटोस्विच आला. बैठकीतून “आप्पा, मोटार ऑटोवर टाकलीय नव्हं?” अशी पृच्छा व्हावी, आप्पांनी “टाकलीय, लाइट आली की उचलंल” म्हणून कूस बदलावी, आणि मध्यरात्री कोणी न जाता मोटारीने पाणी उपसावयास लागावे, हे दृश्य महाराष्ट्राच्या कोणत्याही बागायती गावात पाहावयास मिळे. ऑटोस्विच म्हणजे दुसरे तिसरे काही नसून, वीज गेल्यानंतरही ‘मालकाची इच्छा मोटार चालविण्याची आहे’ एवढी एकच गोष्ट ध्यानात ठेवणारी पेटी. पण जी गोष्ट एका आप्पांना सोयीची, ती शंभर आप्पांनी एकाच डीपीवर केली म्हणजे अनर्थ होतो. कारण मोटार सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते, आणि पुरवठा येताच साऱ्या शिवारातल्या मोटारी एकदम उचलल्या की दाब कोसळतो, फ्यूज उडतात, प्रसंगी डीपीच जळते, आणि मग नवी मिळेपर्यंत पिकांकडे पाहत बसावे लागते. महावितरण कंपनी शेतकऱ्यांना ‘ऑटोस्विच काढा आणि कॅपॅसिटर बसवा’ असे विनवीत आली आहे ते याचसाठी. काही ऑटोस्विचांत वीज आल्यावर थोडी मुदत थांबून मोटार उचलणारा टायमर असतो. प्रत्येकाने तो निरनिराळ्या मुदतीवर लावला तर भार हळूहळू चढेल, परंतु आपले पाणी शेजाऱ्याच्या मागून यावे अशी इच्छा करणारा मनुष्य अद्याप माझ्या पाहण्यात नाही. असो.

दुसरे घराणे घड्याळवाल्यांचे. अमेरिकेतील ॲशलँड गावच्या हेन्री वॉरेनने स्वतःहून सुरू होणारी लहानशी सिंक्रोनस मोटार सिद्ध केली, आणि १९१६ च्या ऑक्टोबरात बॉस्टनच्या वीजकेंद्रात आपले मुख्य घड्याळ बसवून पुरवठ्याची आवर्तने इतकी काटेकोर करविली की तारांतून येणारी वीज हीच कालाचे प्रमाण ठरली. या मोटारीला दंतचक्रांची माळ जोडली, तिच्या शेवटी कंगोरेदार चकती बसविली, आणि त्या चकतीच्या उंचवट्यांनी बटणे दाबली जाऊ लागली, म्हणजे झाला कॅम-टायमर. धुलाईयंत्रांपासून रस्त्यावरच्या सिग्नलांपर्यंत पुष्कळ ठिकाणी त्याने राज्य केले. रिलेहून त्याची प्रकृती अगदी निराळी: वीज गेली की मोटार जागच्या जागी थांबते, चकती ज्या अंशावर होती त्याच अंशावर राहते, आणि वीज परतली की तिथूनच पुढे चालते. येथे स्मृतीसाठी काहीही वेगळे करावे लागत नाही. पितळेच्या चाकाची जागा हीच स्मृती. कारखान्यांसाठी जे पुनःस्थापित होणारे टायमर निघाले त्यांत मोटार आणि चकती यांच्यामध्ये विद्युत्‌चुंबकी क्लच घातला, आणि मग एक विलक्षण निवड कारागिराच्या हाती आली. क्लच वीज असता गुंतणारा घेतला तर पुरवठा जाताच चकती सुटून स्प्रिंगने शून्यावर येई. क्लच वीज नसता गुंतणारा घेतला तर चकती आपली जागा धरून बसे. एकाच टायमरच्या दोन जाती, एक विसरणारी आणि एक लक्षात ठेवणारी. मागणीपत्रात कोणती लिहायची हे यंत्र जाणणाऱ्याने ठरवावयाचे. पीएलसीचा जन्म होण्यापूर्वी कित्येक वर्षे तिच्या या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने लोखंड-पितळेत लिहून झाले होते.

तिसऱ्या घराण्याला विजेच्या येण्याजाण्याची दादच नसते. चावीचे घड्याळ, वाळूचे यंत्र, आपले मंगलकार्यातील घटिकापात्र, जे चोवीस मिनिटांत भरून बुडते आणि वीज नावाची वस्तू जगात आहे याची ज्याला वार्ताही नाही, ही सारी या कुळातली. अर्धस्वयंचलित धुलाईयंत्राचा स्प्रिंगवर चालणारा टायमर पाहावा: लाइट गेली तरी तो टिकटिक करीत शून्यावर येतो आणि कपडे साबणातच राहतात. हवेच्या दट्ट्यावर चालणारे न्यूमॅटिक टायमरही अर्धे या गोत्राचे, कारण त्यांच्यातल्या ‘ऑफ डिले’ जातीत वीज गेल्यावरच सूक्ष्म छिद्रातून हवा शिरावयास लागते आणि मुदत विजेवाचून पुरी होते. इलेक्ट्रॉनिक्सने हे टायमर मागे सारले, पण त्यांचा हा गुण सहजी त्याला साधला नाही. त्यासाठी वेगळा कॅपॅसिटर पोसावा लागला.

आता या तीन घराण्यांचा संगम. १९६८ साली जनरल मोटर्स कंपनीच्या हायड्रामॅटिक विभागाने, दर वर्षी मोटारीचे रूप बदलले की रिलेंची भलीमोठी कपाटे मोडून नवी जोडावी लागण्याच्या खर्चाला कंटाळून, एका नव्या नियंत्रकाची निविदा काढली. तो जागेवरच पुन्हा शिकविता यावा, कारखान्याच्या धुळीत टिकावा, रिलेंहून कमी जागा व्यापावी, अशा त्यातल्या अटी होत्या. त्याच वर्षाच्या १ जानेवारीस बेडफर्ड असोसिएट्स या छोट्या कंपनीच्या डिक मॉर्ले याने अशाच यंत्राचा आराखडा कागदावर उतरविला होता. त्यातून १९६९ मध्ये ‘मॉडिकॉन ०८४’ निघाले, आणि त्याचा तो क्रमांक कंपनीचे चौऱ्याऐंशीवे काम म्हणून पडला. याच निविदेसाठी डिजिटल इक्विपमेंट कंपनीने ‘पीडीपी १४’ पुढे केला होता. त्याची आज्ञावली तारा विणून सिद्ध केलेल्या स्मृतीत असे, आणि ती बदलावयाची तर स्मृतीचे नवे विणकाम कंपनीकडून करवून आणावे लागे. वीज गेली काय आणि राहिली काय, ती स्मृती ढळत नसे. पण जिला काही नवे शिकविताच येत नाही अशा स्मृतीचे कारखान्याने करावे काय? स्पर्धेत मॉडिकॉन पुढे गेला.

मॉडिकॉनच्या स्मृतीचा पदार्थ मोठा रोचक होता. मोहरीएवढ्या फेराइटच्या कड्या तारांच्या जाळीत ओवून केलेली ही ‘कोअर मेमरी’ आन वांग आणि जे फॉरेस्टर यांच्या कामातून सिद्ध झाली आणि १९५३ मध्ये एमआयटीच्या ‘व्हर्लविंड’ संगणकात चालू लागली. प्रत्येक कडी एका दिशेने चुंबकित झाली की ‘होय’, उलट दिशेने झाली की ‘नाही’. आणि लोहचुंबकाला विजेची गरज नसल्याने पुरवठा गेला तरी कडी आपला कौल बदलत नसे. म्हणजे जे स्थैर्य कॅम-टायमरच्या पितळी चाकात होते तेच येथे अदृश्य होऊन कड्यांत शिरले. मात्र तिच्यात एक खोड होती: कडीवर काय लिहिले आहे हे वाचले की ते पुसले जाई, आणि प्रत्येक वाचनानंतर तेच पुन्हा लिहावे लागे. ऐन वाचनाच्या क्षणी वीज गेली तर? म्हणून पुरवठ्याचा दाब उतरू लागताच त्याची चाहूल घेऊन, सुटत्या शक्तीच्या शेवटच्या थेंबावर चालू वाचन-लेखन पुरे करून मगच निजणारे मंडल जोडावे लागले. मरता मरता दप्तर नीट लावून ठेवण्याची ही रीत पीएलसीच्या कुळात तेव्हापासून चालत आली आहे. आजच्या पीएलसीचा वीजपुरवठाही दहा-वीस मिलिसेकंदांचा खंड आपल्या कॅपॅसिटरांतील साठ्यावर निभावून नेतो आणि त्याहून लांबला तरच आवराआवर करतो.

ज्या कंपनीच्या निविदेने हे कुळ जन्मास घातले तीच कंपनी चाळीस वर्षांनी, २००८ च्या सप्टेंबरात, आंबीच्या शेजारी नवलाख उंबऱ्याच्या शिवारात आपला मोटारींचा कारखाना घेऊन आली, ही गोष्ट फारच थोड्यांच्या ध्यानात आली असेल. तेथील उत्पादन २०२० च्या डिसेंबरात थांबले, आणि २०२३ मध्ये ह्युंदाई कंपनीने ती वास्तू घेण्याचा करार केला.

१९७० नंतरच्या दशकात कोअर मेमरी महाग पडू लागली आणि तिच्या जागी अर्धसंवाहक रॅम आली. ती स्वस्त, चपळ, पण स्वभावाने थेट पहिल्या घराण्याची, म्हणजे वीज गेली की कोरी होणारी. कुळाला आलेले हे विस्मरण बुजविण्यासाठी तिच्या उशाशी लिथियमची बॅटरी ठेवण्यात आली. आणि येथे इतिहासाला एक वळण मिळाले ज्याचे महत्त्व मला सर्वांत अधिक वाटते: जे पूर्वी पदार्थाच्या स्वभावावर अवलंबून होते ते आता आज्ञा लिहिणाऱ्याच्या मर्जीवर आले. ॲलन-ब्रॅडली कंपनीने, जिच्यात ऑस्ट्रियात जन्मलेल्या ओडो स्ट्रुगर याने पीएलसी हे नाव रूढ केले, आपल्या लॅडरमध्ये, म्हणजे शिडीच्या पायऱ्यांसारख्या ओळींत मांडलेल्या आज्ञावलीत, टायमरच्या दोन जाती ठेविल्या. ‘टॉन’ हा साधा. त्याच्या ओळीतली अट तुटली की शून्य, वीज जाऊन परतली की शून्य. ‘आरटीओ’ हा धारणी टायमर. अट तुटो, वीज जावो, तो आपला साठलेला काळ धरून ठेवतो, आणि वेगळी रिसेटची आज्ञा मिळाल्यावाचून सोडीत नाही. क्लचच्या त्या दोन जातीच नव्या अवतारात आल्या हे वाचकाच्या ध्यानात येईलच.

इतर कंपन्यांनी आपापल्या चालीरीती पाडल्या. मित्सुबिशीच्या ‘एफएक्स टू एन’ मध्ये टी ० पासून टी २४५ पर्यंतचे टायमर विसराळू, आणि टी २४६ ते टी २५५ हे दहाच धारणी. क्रमांक पाहिला की स्वभाव कळतो. सीमेन्सच्या ‘एस ७-३००’ मध्ये जुळणी न बदलता घेतली तर सोळा मेमरी बाइट आणि आठ काउंटर तेवढे स्मरणात राहतात, टायमर एकही नाही. त्याच कंपनीच्या धाकट्या ‘एस ७-२००’ ने बॅटरीऐवजी मोठा कॅपॅसिटर ठेवला, जो मॉडेलप्रमाणे सुमारे पन्नास किंवा शंभर तास स्मृती जागती ठेवी. गणपतीच्या सुट्टीला हे पुरावे, दिवाळीच्या सुट्टीला पुरणे कठीण. ओमरॉनच्या जुन्या पीएलसींनी तर स्पष्टच सांगितले की आमचे टायमर वीज गेल्यावर शून्य होतील, काउंटर मात्र आपला आकडा राखतील. ज्याला काळ राखावयाचा असेल त्याने एका सेकंदाची टिकटिक काउंटरला मोजावयास लावावी.

ही शेवटची युक्ती इतकी व्यवहार्य आहे की तिच्यापाशी थोडे थांबणे इष्ट. समजा, एखाद्या उष्मोपचाराच्या भट्टीत दंतचक्रे चार तास ठरावीक तापमानात ठेवावयाची आहेत. ‘एफएक्स टू एन’ चा शंभर मिलिसेकंदांचा टायमर जास्तीत जास्त ३२,७६७ ठोके मोजतो, म्हणजे ३,२७६.७ सेकंद, तासाहूनही थोडे कमी. तेव्हा एका टायमरने चार तास भागतच नाहीत. मग आपला अनुभवी प्रोग्रॅमर काय करतो? साधा, विसराळू टायमर साठ सेकंदांवर लावतो. तो भरला की स्वतःलाच शून्य करतो आणि जाता जाता सी १०० या धारणी काउंटरमध्ये एकाची भर घालतो. काउंटर २४० झाला की चार तास पुरे. आता दोन तास चाळीस मिनिटांवर लाइट गेली तर काउंटरमध्ये १६० राहतात, आणि बुडतात ती फक्त चालू मिनिटातली सेकंदे. जुना वाणी दिवसाकाठी रोजकीर्दीत शिल्लक ओढून ठेवी, म्हणजे दुकानाला आग लागली तरी एका दिवसाच्या विक्रीपलीकडचा घोळ होत नसे. तसाच हा मिनिटामिनिटाला शिल्लक ओढण्याचा व्यवहार आहे. टायमर विसरला तरी हरकत नाही, वही राहिली म्हणजे झाले.

पण वही राहिली म्हणून व्यवहार बरोबर ठरला असे मात्र नाही, आणि याच ठिकाणी पुष्कळ हुशार मंडळी फसतात. वीज दोन तास नव्हती. काउंटर विश्वासूपणे १६० धरून आहे. परंतु भट्टी तेवढ्या वेळात निवली. वीज आल्याबरोबर काउंटर १६१, १६२ असा पुढे चालू लागला तर भट्टी पुन्हा तापण्यास लागणारा वेळही तो मुदतीत जमा धरील, आणि दंतचक्रे कच्ची बाहेर पडतील. म्हणजे नुसता सरलेला काळ राखून उपयोग नाही; तो काळ मोजला जाण्याची पात्रता, अर्थात तापमान ठरावीक मर्यादेत आहे ही अट, टायमरच्या ओळीत आधी असली पाहिजे. याच्या उलट उदाहरण तळेगावच्या पुष्पोद्यानातील हरितगृहांत शोभेल. गुलाबाच्या वाफ्यांना ठिबकमधून खतमिश्रित पाणी दहा मिनिटे द्यावयाचे आहे, आणि सातव्या मिनिटाला लाइट गेली. विसराळू टायमर पुन्हा दहा मिनिटे मोजील आणि झाडांना सतरा मिनिटांचे खत मिळेल. धारणी टायमर उरलेली तीनच मिनिटे देईल. पाणी एकदा मुळाशी गेले ते वीज गेल्याने परत येत नाही, उष्णता मात्र निघून जाते. आणि टायमरने काय लक्षात ठेवावे याचा निर्णय तारेवरून करावयाचा नसून अशा वस्तुस्थितीवरून करावयाचा असतो. कधी कधी तर वीज किती वेळ गेली होती हेच जाणणे अगत्याचे असते, आणि तेव्हा तिसऱ्या घराण्याला साद घालावी लागते: पीएलसीमधले बॅटरीवर चालणारे खरे घड्याळ अंधारातही पुढे चालत राहते, जाण्याची वेळ आणि येण्याची वेळ यांची वजाबाकी करून देते, आणि प्रोग्रॅम त्यावरून मुदत पुढे चालवावयाची की माल बाजूला काढावयाचा हे ठरवितो.

आणखी एक धोका असा की धारणी टायमर केवळ आकडा राखीत नाही, आपला संपर्कही राखतो. मुदत भरून संपर्क लागलेला असताना वीज गेली, तर वीज येताच, प्रोग्रॅमच्या अगदी पहिल्या फेरीत, तो संपर्क लागलेलाच सापडतो, आणि त्याच्यापुढे सरळ एखादा सिलिंडर अथवा मोटार जोडलेली असेल तर ती कोणाच्याही हुकुमावाचून हलते. होल्डिंगच्या तारेने जी सुरक्षितता शंभर वर्षे सांभाळली ती अशा एका ओळीने गमावता येते. म्हणून चांगले प्रोग्रॅमर पहिल्या फेरीपुरत्या लागणाऱ्या बिटाने, मित्सुबिशीत ज्याला एम ८००२ म्हणतात त्याने, हालचालीच्या साऱ्या आज्ञा उतरवून ठेवतात, काळाचा हिशेब तेवढा कायम राखतात, आणि पुढे जाण्यासाठी चालकाचे बटण मागतात. यंत्राने आठवावे सगळे, पण हलावे विचारून, हा त्यातला मध्यम मार्ग होय.

१९९३ साली आंतरराष्ट्रीय विद्युत्‌तांत्रिक आयोगाने पीएलसीच्या भाषांचे मानक, ६११३१ चा तिसरा भाग, प्रसिद्ध केले. त्यात ‘टॉन’, ‘टॉफ’ आणि ‘टीपी’ हे तीन टायमर प्रमाण ठरले. धारणी टायमर नावाची वेगळी जात त्यात नाही. त्याऐवजी ‘रिटेन’ हा एक शब्द दिला, जो कोणत्याही चलाच्या जाहीरनाम्यात लिहिला असता ते चल वीज जाऊन परतल्यावर पूर्वीचे मूल्य घेऊन उठते. आणि थंड प्रारंभ व उबदार प्रारंभ असा भेद करून, पहिल्यात सारे कोरे, दुसऱ्यात राखलेले कायम, असा नियम घातला. मला ही व्यवस्था अधिक न्याय्य वाटते, कारण तिने स्मृतीला टायमरच्या जातीतून काढून लिहिणाऱ्याच्या जबाबदारीत आणले. गैरसोय एवढीच की हा शब्द न लिहिणे फार सोपे आहे, आणि न लिहिल्याचा परिणाम चाचणीच्या दिवशी, जेव्हा वीज मुद्दाम कोणी घालवीत नाही, दिसत नाही.

फ्लॅश आणि तत्सम स्मृती स्वस्त झाल्यापासून नव्या पीएलसींत बॅटरीचे काम कमी होत चालले आहे. तरीही आपल्याकडच्या लघुउद्योगांत पंधरा-वीस वर्षांची जुनी यंत्रे जोमाने चालू आहेत आणि त्यांच्या पोटात ३.६ व्होल्टची लिथियम बॅटरी सुमारे पाच वर्षांच्या आयुष्याने बसलेली आहे. ती क्षीण झाली की ‘एफएक्स टू एन’ च्या तोंडावर ‘बॅट. व्ही.’ हा तांबडा दिवा लागतो. यंत्र तेव्हाही बिनतक्रार चालते, आणि म्हणूनच तिकडे कोणी लक्ष देत नाही. गुरुवारची सुट्टी येते, मेन स्विच उतरतो, आणि शुक्रवारी सकाळी टायमर, काउंटर, कधी कधी तर सारी आज्ञावलीच नाहीशी झालेली आढळते. तेव्हा ज्या वाचकांच्या हाती असे पॅनेल असेल त्यांना एवढेच विनवावयाचे आहे: बॅटरी बसविल्याची तारीख पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूस ठळक अक्षरांनी लिहून ठेवावी, आज्ञावलीची प्रत दुसरीकडे राखावी, दिवा लागल्यास महिन्याच्या आत बॅटरी पालटावी, पालटताना आधी यंत्राला काही वेळ वीज देऊन, मग पुरवठा बंद करून, जुनी काढणे आणि नवी बसविणे हे वीस सेकंदांच्या आत उरकावे, आणि कोणता टायमर वीज गेल्यावर काय करील हे लॅडरमधल्या त्याच्या ओळीशेजारी साध्या मराठीत नोंदवावे, म्हणजे रात्रपाळीच्या मनुष्याला ते लिहिणाऱ्यास फोन करून उठवावे लागणार नाही.